उभ्या गाडीत करंट कोण खातंय?

शुक्रवारी संध्याकाळी नीट चालत घरी आलेली गाडी सोमवारी सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ करते आणि डॅशबोर्डवरचे दिवे मलूल होतात. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: बॅटरी गेली, नवी टाका. नवी टाकली की काही महिने बरे जातात, कारण नव्या बॅटरीत गळती सोसायची ताकद असते. गळती मात्र जिथल्या तिथे असते आणि नव्या बॅटरीचंही आयुष्य खात असते. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो, आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. म्हणजे गळती न शोधता बॅटरी बदलणं म्हणजे पुढच्या बॅटरीचा खर्च आजच कबूल करणं.

पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी करून, पर्यावरण कर भरून वापरल्या जाणाऱ्या कितीतरी वॅगन आर, झेन, अल्टो, सँट्रो आजही महाराष्ट्रात धावताहेत. त्यांची वायरिंग साधी आहे, फ्यूज मोजके आहेत. मल्टीमीटर आणि एक मोकळी सुट्टी एवढ्यावर ही गळती घरी सापडू शकते. अट एकच: मोजल्याशिवाय काहीही बदलायचं नाही.

आधी हिशेब

छोट्या गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. गाडी बंद असतानाही घड्याळ, स्टिरिओची मेमरी, इंजिनाचा ईसीएम आणि सिक्युरिटीचा लुकलुकणारा दिवा थोडा करंट घेतातच. जुन्या साध्या गाडीत हे सगळं मिळून १० ते ३० मिलिअँपिअर होतं. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालवून घेता येतं, कारण त्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात आणि चांगली बॅटरी अर्ध्यावर यायला दोन आठवडे लागतात.

आता हाच करंट ०.२८ अँपिअर धरा. दिवसाला पावणेसात अँपिअर-अवर. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ या साठ तासांत जवळजवळ १७ अँपिअर-अवर, म्हणजे निम्मी बॅटरी गेली. नवी बॅटरी निम्म्यावरही सेल्फ फिरवते. चार वर्षांच्या बॅटरीची मूळ ताकदच कमी झालेली असते, ती नाही फिरवत. रोज ऑफिसला नेली तर गाडी ठणठणीत आणि दोन दिवस उभी राहिली की बसते, याचं कोडं या हिशेबात सुटतं. तुमची गाडी किती तास उभी राहिल्यावर बसते हे आठवून पाहा. गळती साधारण केवढी आहे याचा अंदाज मीटर लावायच्या आधीच येईल. एका रात्रीत बसत असेल तर गळती एखाद-दोन अँपिअरची, म्हणजे बहुधा कुठला तरी दिवा जळत राहिलेला. आठवडाभराने बसत असेल तर शंभर मिलिअँपिअरच्या आसपासचं काहीतरी.

काय लागेल

डिजिटल मल्टीमीटर, ज्यावर १० अँपिअर डीसीचं वेगळं भोक आहे असा. दहाचा पाना. टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली हातभर जाड वायर. इन्सुलेशन टेप, पॉलिश पेपर, खायचा सोडा, फ्यूज काढायचा चिमटा (बऱ्याच गाड्यांत तो फ्यूज बॉक्सच्या झाकणातच खोचलेला असतो), टॉर्च, वही. क्लॅम्प मीटरने हेच काम वायर न सोडता होतं, पण तो डीसी मोजणारा आणि मिलिअँपिअरपर्यंत उतरणारा हवा. घरगुती वायरिंगवाल्यांकडचे बहुतेक क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, ते इथे निरुपयोगी.

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या. बॅटरी बारा व्होल्टचीच असली तरी पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यामध्ये सापडलेली अंगठी क्षणात लाल होते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करा आणि जवळ कुणी विडी-सिगारेट पेटवणार नाही हे पाहा.

दोन चाचण्या मात्र कुणी कितीही सांगितल्या तरी करू देऊ नका. पहिली, इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि ‘गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला’ म्हणायचं. बॅटरी बाजूला झाली की आल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळी मारतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपून जायचं. एमपीएफआय गाडीत त्या एका झटक्यात ईसीएम किंवा आल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. दुसरी, टर्मिनल टेकवून ठिणगी बघायची. बारीक ठिणगी निरोगी गाडीतही पडते, त्यामुळे ती काहीच सिद्ध करत नाही, आणि हायड्रोजनच्या शेजारी ठिणगी पाडायची गरजही नाही.

पहिली पायरी: गुन्हेगार बॅटरी की गाडी?

ही चाचणी फुकट आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत. बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण चार्ज करा. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास पुरतात. धक्का मारून गाडी चालू केली आणि तासभर फिरवून आणली तर बॅटरी पूर्ण भरत नाही. आल्टरनेटर भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो, उतरलेलीला उठवण्यासाठी नाही. झाकणाची बॅटरी असेल तर प्लेटा बुडालेल्या आहेत का ते आधी पाहा आणि डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं किंवा आरओचं पाणी नको.

आता बॅटरी गाडीत बसवा, पण निगेटिव्हची वायर लावू नका. गाडी जितके दिवस उभी राहिली की बसते तितकेच दिवस तशी ठेवा. मग वायर लावून सेल्फ मारा. गाडी झटकन चालू झाली तर बॅटरी निर्दोष, गाडी करंट खाते आहे. वायर सुटी असूनही बॅटरी बसली तर दोष तिच्या पोटात आहे, आणि पुढचं सगळं वाचायची गरज नाही; ती बदला.

मीटरने खात्री करायची असेल तर चार्जिंग संपल्यावर किमान सहा-सात तास थांबून व्होल्टेज घ्या. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. चार्जर काढल्या काढल्या दिसणारे तेराच्या पुढचे आकडे वरवरचे असतात, त्यांच्यावर विश्वास नको. मग एकाला सेल्फ मारायला सांगून मीटर पाहा: भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे. बॅटरीच्या दुकानात हायड्रोमीटर असतो. सहा घरांपैकी एका घराचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने कमी आलं तर ते घर गेलेलं आहे.

दुसरी पायरी: भरतेय का?

गळती शोधायच्या आधी आवक तपासा. इंजिन चालू करा, बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट, एसीचा पंखा, मागची काच तापवणारी जाळी असेल तर तीही लावा आणि इंजिनाचा वेग थोडा वाढवा, तरीही १३.५ च्या आसपास टिकायला हवं. तेराच्या खाली असेल तर बेल्ट ढिला आहे, आल्टरनेटरचे कार्बन झिजलेत किंवा अर्थिंगची वायर गंजली आहे. पंधरा व्होल्ट दिसत असतील तर उलटा आजार: रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळतेय. यातलं काही निघालं तर आधी ते निस्तरा.

तिसरी पायरी: डोळ्यांनी शोधा

मीटर हातात घ्यायच्या आधी अंधार पडल्यावर गाडीभोवती एक फेरी मारा. किल्ली काढलेली, दारं बंद. ब्रेकचे दिवे जळत नाहीत ना? ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो आणि त्याच्यासमोर पेडलवर प्लॅस्टिकचं बटण बसवलेलं असतं. वीस वर्षांत ते ठिसूळ होऊन तुकडे पडतात. मग पेडल वर आलं तरी स्विच दबत नाही आणि मागचे २१ वॉटचे दोन दिवे जळत राहतात, म्हणजे साडेतीन अँपिअर. एका रात्रीत बॅटरी झोपते. पायाशी प्लॅस्टिकचे चुरा झालेले तुकडे दिसले तर हेच झालंय. बटण काही रुपयांचं येतं.

डिकीतला दिवा बंद होतो का हे पाहायला डिकीत शिरायची गरज नाही. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, मोबाइल दिव्याकडे तोंड करून डिकीत ठेवा, झाकण लावा आणि मिनिटभराने काढून बघा. ग्लव्ह बॉक्समध्ये दिवा असेल तर तिथेही हेच. पाच वॉटचा दिवा ०.४ अँपिअर खातो.

मग बॉनेट उघडा. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल, बॅटरीच्या डोक्यावर ओलसर मळ असेल तर मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं बॅटरीच्या प्लॅस्टिकवर, पॉझिटिव्हच्या बाजूने फिरवा. एखाद-दोन व्होल्ट दिसले तर तो ॲसिडचा ओला थरच करंट वाहून नेतोय. निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर काढा, सोड्याच्या पाण्याने धुवा (घरांच्या झाकणांतून पाणी आत जाऊ न देता), कोरडं करा, टर्मिनल पॉलिश पेपरने घासा, आणि लावताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. वरून व्हॅसलीनचा पातळ हात. निगेटिव्ह आधी काढण्याचं कारण साधं आहे: ती सुटली की पाना पॉझिटिव्हवरून घसरून बॉडीला लागला तरी काही होत नाही.

पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. लेंड्या, गवत, कापसाचे पुंजके दिसले तर त्या भागातल्या वायरी टॉर्चने नीट पाहा.

चौथी पायरी: मीटर मध्ये घालणं

इथून खरं काम. करंट मोजण्यासाठी मीटर बॅटरी आणि गाडी यांच्या मधोमध यावा लागतो, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जाईल. बहुतेकांचा गोंधळ इथे होतो, म्हणून एकेक हालचाल लिहितो.

बॉनेट उघडं ठेवा. दिवे, पंखा, स्टिरिओ सगळं बंद करा. किल्ली काढून खिशात ठेवा, कारण नंतर करंट जोडताना सेंट्रल लॉक आपोआप लागू शकतं. फ्यूज बॉक्स स्टिअरिंगखाली असेल तर ड्रायव्हरचं दार उघडं लागेल. दाराच्या खांबावरचा रबरी टोपीचा स्विच आत दाबून त्यावर टेपच्या दोन पट्ट्या आवळून मारा, म्हणजे गाडीला दार बंद आहे असं वाटेल. छतावरचा दिवा विझला का पाहा.

मीटरची काळी पिन ‘कॉम’मध्ये, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, चकती १० अँपिअर डीसीवर. मिलिअँपिअरच्या भोकात पिन असताना करंट जास्त निघाला तर मीटरमधला बारीक फ्यूज लगेच उडतो आणि मग मीटर शून्य दाखवत राहतो. गळती नाही असं समजून लोक फसतात. उलट बऱ्याच स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या भोकाला फ्यूजच नसतो. म्हणून मीटर मध्ये असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही.

आता क्लिपवाल्या वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरं निगेटिव्ह केबलच्या कानाला लावा. मग दहाच्या पान्याने केबल ढिली करून खांबावरून उचला. करंट आता तुमच्या वायरीतून जातोय, गाडीला काहीच कळलेलं नाही. मीटरचं लाल टोक केबलला आणि काळं टोक खांबाला लावा, शक्यतो क्लिपनेच. हाताने धरलेलं टोक निसटलं की गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स पुन्हा जागं होतं आणि सगळं पहिल्यापासून.

आणि थांबा. जोडवायर लगेच काढायची नाही. गाडी बंद केल्यावर तिच्यातले कंट्रोल युनिट एकेक करून झोपतात. जुन्या वॅगन आर किंवा सँट्रोला दहा-वीस मिनिटं पुरतात, युरोपियन बनावटीच्या जुन्या ऑक्टाव्हियाला तासभरही लागू शकतो. अर्धा तास गेला की जोडवायरीचं एक टोक हळूच काढा. करंट आता मीटरमधून जातो आणि आकडा दिसतो. पहिल्या मिनिटाला दिसलेला ०.९ किंवा १.२ अँपिअर हा जाग्या गाडीचा आकडा असतो. तेवढ्यावर फ्यूज उपसायला सुरुवात करणारे नसलेल्या चोरामागे दुपार घालवतात.

०.०१ ते ०.०३ दिसलं तर या क्षणी गळती नाही. ०.०५ च्या वर स्थिर राहिलं तर ती आहे, आणि पुढे जायचं.

पाचवी पायरी: कोणता फ्यूज?

नेहमीची पद्धत म्हणजे एकेक फ्यूज काढायचा आणि मीटरचा आकडा कधी पडतो ते पाहायचं. साध्या जुन्या गाडीत ती चालते. पण फ्यूज काढून परत बसवला की त्यावरचं युनिट जागं होतं आणि आकडा नाचू लागतो. त्यापेक्षा दुसरी पद्धत मला जास्त विश्वासाची वाटते, आणि तिच्यात मीटर मध्ये घालायचीही गरज नसते. केबल जागेवर ठेवूनच ती करता येते.

पात्याच्या प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर दोन उघड्या चमकदार ठिपक्या असतात. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा आणि दोन टोकं त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. फ्यूजमधून करंट जात नसेल तर ०.० दिसतं. जात असेल तर फ्यूजच्या स्वतःच्या किंचित रोधामुळे काही मिलिव्होल्ट दिसतात. १० अँपिअरच्या फ्यूजवर एक मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ०.१३ अँपिअर, १५ च्या फ्यूजवर साधारण ०.२, २० च्या फ्यूजवर ०.३. आतला आणि बॉनेटमधला असे दोन्ही फ्यूज बॉक्स पालथे घाला. ज्यांच्यावर काही दिसलं त्यांचे नंबर वहीत उतरवा आणि झाकणावरच्या तक्त्याशी ताडून पाहा.

ओळखीतल्या एका २००६ च्या वॅगन आरवर असंच झालं. मीटर मध्ये घातल्यावर ०.२८ अँपिअर, अर्ध्या तासानंतरही तेवढाच. बाकी सगळ्या फ्यूजवर शून्य आणि छतावरचा दिवा, घड्याळ व स्टिरिओच्या मेमरीला जाणाऱ्या १५ अँपिअरच्या फ्यूजवर १.३ मिलिव्होल्ट. तो फ्यूज काढताच मीटर ०.०२ वर आला. त्या कुटुंबाने दोन वर्षांत दोन बॅटऱ्या घेतल्या होत्या.

सहावी पायरी: फ्यूजच्या पलीकडे

फ्यूज सापडला म्हणजे गल्ली सापडली, घर नाही. त्या फ्यूजवरची एकेक गोष्ट सुटी करून आकडा पाहायचा. वर सांगितलेल्या गाडीत छतावरचा दिवा काढला, फरक नाही. स्टिरिओ पुढे ओढून मागचा प्लग सोडला, आकडा पडला.

बाहेरून बसवलेल्या स्टिरिओच्या मागे पिवळी आणि लाल अशा दोन वायरी येतात. पिवळी कायम चालू, मेमरी सांभाळण्यासाठी. लाल किल्लीवरची: किल्ली एसीसीवर गेली की स्टिरिओ जागा, काढली की झोपला. या गाडीत कुणीतरी पिवळी आणि लाल एकत्र पिळून वर टेप गुंडाळला होता, म्हणजे किल्लीशिवायही गाणी लागावीत. बटणाने बंद केलेला स्टिरिओ त्यामुळे आतून चोवीस तास जागाच होता. टेपचा चिकट काळा गोळा सोडवला, दोन्ही टोकं वेगळी केली. मग मीटर व्होल्टवर ठेवून डॅशबोर्डमागच्या वायरींमधून अशी वायर शोधली जी किल्ली एसीसीवर असताना बारा व्होल्ट आणि किल्ली काढल्यावर शून्य दाखवते. लाल तिला जोडली. पुन्हा चौथी पायरी: ०.०२.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत गळती बहुतेकदा कंपनीच्या वायरिंगमध्ये सापडत नाही. ती नंतर बसवलेल्या वस्तूंमध्ये सापडते: स्टिरिओ, ॲम्प्लिफायर, रिमोट लॉक, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, सिगारेट लायटरमध्ये कायम खोचलेला मोबाइल चार्जर. वस्तू वाईट नसते, ती घाईत जोडलेली असते. निळ्या वायरीवर जागा होणारा ॲम्प्लिफायर थेट पिवळीला जोडला की तोही कधी झोपत नाही. म्हणून गाडीवर नंतर चढवलेल्या वस्तूंची यादी करून तिथूनच सुरुवात केली तर बऱ्याचदा फ्यूज उपसायची वेळच येत नाही.

फ्यूजच्या गल्लीत रिले असेल तर त्याला बोट लावा. तासभर बंद असलेल्या गाडीत कोमट रिले म्हणजे चिकटलेला किंवा नाहक ओढलेला रिले. त्याची कॉइल एकटीच दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास खाते. मीटरवर नजर ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. आकडा हलला तर रिले बदला.

पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळे प्लग एअरबॅगचे असतात. त्यांच्यात मीटरची टोकं खुपसायची नाहीत.

सगळे फ्यूज शून्य, तरी गळती?

मग करंट फ्यूज बॉक्स टाळून जातोय. पहिला संशय आल्टरनेटरवर. बॅटरीतून त्याला जाणारी जाड वायर कायम चालू असते आणि उलटा करंट फक्त आतल्या डायोडनी अडवलेला असतो. एखादा डायोड गळायला लागला की बॅटरी रात्रभर आल्टरनेटरच्या कॉइलमधून उतरते. सकाळी इंजिन गार असताना आल्टरनेटरला हात लावा. तो एकटाच कोमट लागला तर निदान जवळजवळ झालंच. चालू इंजिनावर एसी व्होल्ट मोजून डायोड तपासायचा सल्ला मिळेल. चांगल्या मीटरने तो बरोबर आहे, पण स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही आकडा दाखवतात आणि भलताच निष्कर्ष निघतो. त्यापेक्षा निगेटिव्ह पूर्ण सोडून आल्टरनेटरची जाड वायर आणि प्लग काढा, वायरीचं टोक टेपने गुंडाळून कशालाही लागणार नाही असं बांधा, आणि मग मीटर मध्ये घालून पुन्हा मोजा. आकडा पडला तर आल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. डायोड प्लेट सुटी बदलता येते, पूर्ण नवा आल्टरनेटर घ्यायलाच हवा असं नाही. ती वायर जोडल्याशिवाय मात्र गाडी चालू करायची नाही.

आल्टरनेटर निर्दोष निघाला तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवर अंगठी लावून थेट बसवलेल्या वायरी पाहा: हॉर्न, फॉग लॅम्प, कॅमेरा. त्या एकेक करून सोडा. पॉझिटिव्हला पाना लावण्याआधी दर वेळी मीटर काढून निगेटिव्ह मोकळी करा. मीटर मध्ये असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला तर सगळा शॉर्ट मीटरमधून जातो, आणि तो मीटर हातात फुटू शकतो.

कधी आहे, कधी नाही

सगळ्यात चिकाटी मागते ती अधूनमधून होणारी गळती. मीटर लावला की ०.०२, आणि तीन दिवसांनी गाडी बसलेली. इथे वही कामाला येते. रोज रात्री गाडी उभी केल्यावर तासाभराने आणि सकाळी चालू करण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज लिहा. शेजारी लिहा त्या दिवशी डिकी उघडली होती का, मागची दारं वापरली का, पाऊस होता का, मोबाइल चार्जर लावला होता का. भरलेल्या बॅटरीत रात्रभरात दोन-चार शतांशांचा फरक पडतो. एखाद्या सकाळी तो एक-दोन दशांश निघाला की त्या दिवसाची नोंद वाचा. पावसाच्याच रात्री असं होत असेल तर दाराच्या स्विचमध्ये किंवा मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी जातंय. डिकी उघडली त्याच दिवशी होत असेल तर डिकीचं लॉक पूर्ण बसत नाही. संशयित ठरला की मीटर मध्ये घालून तीच परिस्थिती मुद्दाम उभी करा: दार उघडा-लावा, लॉक चार-पाच वेळा करा, स्विचवर पाण्याचे थेंब सोडा.

किल्लीही विसरू नका. वीस वर्षांत इग्निशन स्विच इतका झिजतो की एसीसीवर असतानाच किल्ली बाहेर येते. स्टिरिओ, लायटर सॉकेट चालू राहतात आणि मालक निर्धास्त असतो.

दुरुस्तीनंतर

जोड टेपने पिळून सोडू नका. डाग द्या किंवा दाबायचे कनेक्टर वापरा, वर उष्णतेने आवळणारी नळी घाला. काढलेल्या प्रत्येक फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा फ्यूज परत गेलाय हे वहीतल्या नोंदीशी ताडून पाहा. दहाच्या जागी तीसचा बसवला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. दाराच्या स्विचवरची टेप काढा. मीटरची लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज पाहायला जाल आणि १० अँपिअरच्या भोकातून सरळ शॉर्ट कराल.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, मगच निकाल पाहा. गळतीने अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर दुरुस्ती बरोबर असूनही ती पुन्हा बसेल आणि तुम्ही पुन्हा शोधायला लागाल. गाडी पूर्वीइतकाच वेळ उभी ठेवा आणि व्होल्टेज बघा. १२.५ च्या आसपास असेल तर गळती गेली. वारंवार उतरून बॅटरी थकली असेल आणि ९.६ ची चाचणी पार करत नसेल, तर आता ती बदलायला हरकत नाही.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर निरोगी गाडीचीही निगेटिव्ह केबल काढून ठेवा. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून वहीत लिहून ठेवा.